सोळापैकी सात अंदाज बरोबर आले म्हणून तक्ता चुकला असे नाही

तुम्ही लिहिले आहे की ऑफिसातील स्पर्धेसाठी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या दर आठवड्याच्या सामन्यांचे विजेते ओळखण्याकरिता तुम्ही एक्सेलमध्ये अकरा रकान्यांचा तक्ता तयार केला. त्यात जय-पराजय, सरासरी गुण, सरासरी यार्ड, टर्नओव्हरचा फरक (हिसकावलेले चेंडू वजा गमावलेले चेंडू), दोन संघांमधील मागील पाच लढती असे बरेच काही आहे. पहिल्या आठवड्यात सोळापैकी ११ अंदाज बरोबर आले, दुसऱ्यात १२, आणि तिसऱ्यात मात्र फक्त ७. आता ८० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आणखी कोणते रकाने घालावेत, असे तुम्ही विचारता.

मी विमा क्षेत्रात जोखमीचे गणित करतो आणि गेले बारा हंगाम प्रत्येक एनएफएल सामन्याचा अंदाज आधी लिहून ठेवण्याचा छंद मला जडला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण रकाने कमी असण्याची नाही. अचूकता किती असू शकते याचे माप तुम्ही चुकीचे धरले आहे, आणि त्या चुकीच्या मापामुळे एका वाईट आठवड्यानंतर तुम्ही बरा चाललेला तक्ता मोडायला निघाला आहात. तुमच्याच आकड्यांची बेरीज करा. ४८ पैकी ३०, म्हणजे ६२.५ टक्के. सट्टेबाजारात ज्या संघाचे पारडे जड मानले जाते तो संघ दीर्घकाळात साधारण दोन तृतीयांश सामने जिंकतो. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक वेळी बाजाराचा लाडका संघ निवडला असता तर ४८ पैकी ३२ च्या आसपास बरोबर आले असते. तुम्ही त्याच्या दोनच पावले मागे आहात, आणि तेवढा फरक योगायोगाने सहज पडतो.

हे थोडे आकड्यांत पाहू. समजा तुमचा तक्ता खरोखर ६५ टक्के अचूक आहे. सोळा सामन्यांत त्याचे सरासरी १०.४ अंदाज बरोबर यायला हवेत, पण प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या नेहमीच्या चढउताराचे माप, १.९ निघते. त्यामुळे दहापैकी सातेक आठवड्यांत आकडा ९ ते १२ यांच्या दरम्यान राहील आणि उरलेल्या आठवड्यांत तो याच्या वर किंवा खाली जाईल. सात किंवा त्याहून कमी अंदाज बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के आहे. हंगाम अठरा आठवड्यांचा असतो, म्हणजे असा एखादा आठवडा बहुतेक हंगामांत येतोच. तुमच्या वाट्याला तो तिसऱ्याच आठवड्यात आला, एवढेच. यापुढची गोष्ट अधिक कडू आहे. २०२१ पासून प्रत्येक संघ १७ सामने खेळतो आणि नियमित हंगामात एकूण २७२ सामने होतात. तेवढ्या सामन्यांतही ६५ टक्क्यांच्या तक्त्याचा निकाल १७७ च्या आठ वर किंवा आठ खाली, म्हणजे ६२ ते ६८ टक्क्यांच्या पट्ट्यात, सहज हेलकावे खातो. एक अख्खा हंगाम संपल्यावरही ६५ टक्क्यांचा तक्ता आणि ६७ टक्क्यांचा तक्ता यांत कोण सरस हे खात्रीने सांगता येत नाही, मग तीन आठवड्यांवरून कसे सांगणार?

८० टक्के का शक्य नाही, याचे कारण या लीगच्या रचनेतच आहे. तळाच्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळतो, १९९४ पासून सर्व संघांना वेतनाची एकच कमाल मर्यादा आहे, आणि आपल्या विभागात (चार संघांच्या गटात) वर राहिलेल्या संघांना पुढच्या वर्षी काही सामने तशाच वर राहिलेल्या संघांशी खेळावे लागतात. ३२ संघांना एकमेकांच्या जवळ आणण्यासाठी ही सगळी खटपट केलेली असते. दोन संघ गुणवत्तेने जितके जवळ, तितका नशिबाचा वाटा मोठा. शिवाय एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चेंडू घेऊन चढाई करण्याच्या दहा-बाराच संधी येतात. एवढ्या थोड्या संधींत एक चेंडू हातातून निसटला तरी सामना फिरतो.

मग अंदाज करायचाच कशाला? आमच्या विमा व्यवसायात कोणता चालक यंदा गाडी ठोकणार हे कोणीही सांगत नाही. या वयाच्या, या गावातल्या, या गाडीच्या चालकाला अपघात होण्याची शक्यता किती, एवढेच सांगतो, आणि त्या आकड्यावर सगळा धंदा उभा असतो. सामन्याचेही तसेच आहे. ‘कोण जिंकेल’ हा रकाना काढून टाका आणि त्या जागी ‘जिंकण्याची शक्यता किती’ हा रकाना घाला. ५२ टक्के आणि ७८ टक्के या दोन्ही अंदाजांत तुम्ही एकाच संघाच्या नावापुढे खूण करता, पण हे दोन अगदी वेगळे दावे आहेत.

मी ही शक्यता कशी काढतो ते सांगतो. पाया म्हणून मी एलो मानांकन वापरतो. आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी आखलेली ही पद्धत फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने अनेक वर्षे एनएफएलला लावली होती आणि तिचे साधेपण मला आवडते. प्रत्येक संघाला एक आकडा असतो, सरासरी संघाचा सुमारे १५००. दोन संघांच्या आकड्यांतील फरकावरून शक्यता निघते, आणि निकाल लागल्यावर विजेत्याचा आकडा वाढून पराभूताचा तेवढाच घटतो. अपेक्षित विजय मिळाला तर थोडी वाढ, अनपेक्षित मिळाला तर जास्त. २५ एलो गुण म्हणजे मैदानावरचा साधारण एक गुण, असे समीकरण धरायचे.

नवा हंगाम सुरू होताना प्रत्येक संघाचा आकडा एक तृतीयांशाने सरासरीकडे खेचून घ्यायचा. गेल्या हंगामाअखेर १६८० वर असलेला संघ या हंगामाची सुरुवात १६२० वर करेल. नवशिक्यांच्या तक्त्यात ही पायरी हमखास नसते, तुमच्याही नाही. मागील लढतींचा रकाना सोडला तर तुमचे सर्व रकाने फक्त या हंगामातल्या तीन सामन्यांवर आधारलेले आहेत. तीन सामन्यांची सरासरी ही सरासरी म्हणायच्याही लायकीची नसते. तीन दुबळ्या संघांना हरवून ३-० झालेला संघ तुमच्या तक्त्यात पहिला येतो आणि गतवर्षीचा बलाढ्य संघ १-२ मुळे तळाला जातो. गेल्या हंगामातील माहिती जुनी असली तरी टाकाऊ नसते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तरी माझ्या आकड्यांत तिचा वाटा निम्म्याहून अधिक असतो.

मग येतो घरच्या मैदानाचा फायदा. जुनी पुस्तके तीन गुण सांगतात, आणि फाइव्हथर्टीएटने त्यासाठी ६५ एलो गुण धरले होते, म्हणजे अडीच गुणांहून थोडे अधिक. अलीकडे हा फायदा आटत चालला आहे. २०२० मध्ये महामारीमुळे बहुतेक मैदाने रिकामी किंवा जवळपास रिकामी होती तेव्हा यजमान संघांची एकत्रित कामगिरी १२७ विजय, १२८ पराभव आणि एक बरोबरी अशी झाली. पाहुणे वरचढ ठरले. त्यानंतर प्रेक्षक परतले, फायदाही काहीसा परतला, पण पूर्वीइतका नाही. मी सध्या ४५ एलो गुण धरतो, म्हणजे पावणेदोन गुणांच्या आसपास. कोणी ४० धरील, कोणी ५०. इथे मतभेदाला जागा आहे.

एक उदाहरण पूर्ण करू. पाहुणा संघ १६०० वर आणि यजमान १५०० वर आहे. फरक १००, त्यातून यजमानांचे ४५ वजा केले की उरले ५५. एलोच्या सूत्राने पाहुण्यांची शक्यता सुमारे ५८ टक्के येते आणि अपेक्षित फरक २.२ गुणांचा. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता तुमच्या रकान्यांकडे वळतो, कारण त्यांतले काही नुसते निरुपयोगी नाहीत, दिशाभूल करणारे आहेत.

जय-पराजयाचा रकाना पहिला. २०२२ चा मिनेसोटा व्हायकिंग्ज हा संघ मी प्रत्येक नवख्याला दाखवतो. त्यांनी १३ सामने जिंकले आणि ४ गमावले. विभागाचे विजेतेपद मिळवले. पण अख्ख्या हंगामात त्यांनी गुण केले ४२४ आणि दिले ४२७. जिंकलेल्या तेरांपैकी अकरा सामने आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने जिंकलेले होते आणि अशा चुरशीच्या सामन्यांत ते एकदाही हरले नव्हते. हरले तेव्हा मात्र सपाटून हरले, डॅलसकडून तर घरच्या मैदानावर ४०-३ असे. केलेल्या आणि दिलेल्या गुणांचा २.३७ वा घात घेऊन अपेक्षित विजयांचे प्रमाण काढण्याची एक जुनी पद्धत आहे. तिच्या हिशेबाने हा संघ साडेआठ विजयांच्या लायकीचा होता. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना घरी ३१-२४ असे हरवले आणि पुढच्या हंगामात ते ७-१० वर घसरले. त्या घसरणीत क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हलवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) कर्क कझिन्सच्या दुखापतीचा हात होता हे मान्य, पण १३-४ हा आकडा आधीपासूनच फुगलेला होता. चुरशीचे सामने जिंकण्याचे ‘कसब’ एका हंगामातून दुसऱ्या हंगामात फारसे टिकत नाही. माझे हे म्हणणे टीव्हीवरच्या जुन्या खेळाडूंना अजिबात पटत नाही, आणि त्यांचा खेळाचा अनुभव माझ्यापेक्षा अपार मोठा आहे. पण हिशेबाची वही माझ्याकडे आहे.

टर्नओव्हरच्या फरकाचे तसेच. झालेल्या सामन्याचा निकाल समजावून सांगायला हा आकडा उत्तम, पुढच्या सामन्याचे भाकीत करायला फार कच्चा. फम्बल झालेला, म्हणजे खेळाडूच्या हातून निसटलेला, लंबगोल चेंडू कसा उसळेल आणि कोणाच्या हाती लागेल याचे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे असते. पहिल्या तीन सामन्यांत एखाद्या संघाने सात वेळा चेंडू हिसकावला असेल तर त्याच्या बचावाचे कौतुक जरूर करा, पण चौथ्या सामन्यात तो पुन्हा तसेच करील असे धरू नका. उलट अशा संघाचा आकडा मी किंचित खाली ओढतो.

दोन संघांमधील मागील पाच लढतींचा रकाना सरळ पुसून टाका. वेगवेगळ्या कॉन्फरन्समधील (लीगच्या दोन मोठ्या गटांतील) दोन संघ ठरलेल्या चक्रानुसार चार वर्षांतून एकदा भेटतात, सतराव्या सामन्यामुळे क्वचित अधूनमधून. पाच लढती म्हणजे बऱ्याचदा दीड दशकाचा इतिहास, आणि तेवढ्या काळात प्रशिक्षक, क्वार्टरबॅक आणि जवळपास सगळे खेळाडू बदललेले असतात. गणवेशाचा रंग सोडला तर तो संघ तोच नसतो.

सरासरी यार्डांच्या जागी काय घ्यावे, असा प्रश्न पडेल. प्रत्येक खेळीगणिक अपेक्षित गुणांत किती भर पडली, ज्याला तिकडे ईपीए म्हणतात, ते घ्या. कल्पना सोपी आहे. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येकाला डाउन म्हणतात. तिसऱ्या डाउनला दहा यार्ड हवे असताना आठ यार्ड मिळाले तर तुमच्या यार्डांच्या सरासरीत आठाची भर पडते, पण संघाला चेंडू सोडून द्यावा लागतो. दोन यार्ड हवे असताना तीन मिळाले तर भर तिनाची, पण चढाई जिवंत राहते. यार्डांच्या हिशेबात पहिली खेळी मोठी ठरते, गुणांच्या हिशेबात दुसरी. प्रत्येक डाउन, अंतर आणि मैदानावरील जागा यांवरून त्या क्षणी किती गुण अपेक्षित आहेत हे काढतात आणि खेळीच्या आधीचा व नंतरचा फरक तिच्या नावावर टाकतात. १९९९ पासूनच्या प्रत्येक खेळीची अशी नोंद एनएफएलव्हर्स या प्रकल्पाने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा थोडी येत असेल तर एका रविवारी सकाळी काम होते. यात मी दोन काटछाटी करतो. सामना हातातून गेल्यावर शेवटच्या काही मिनिटांत केलेले गुण कमी वजनाने धरतो, कारण त्या वेळी आघाडीवरचा संघ यार्ड देऊन वेळ विकत घेत असतो. आणि चढाईच्या आकड्यांना बचावाच्या आकड्यांपेक्षा जास्त वजन देतो, कारण चढाईची गुणवत्ता आठवड्यागणिक अधिक टिकाऊ दिसते.

एवढे करूनही जो घटक तुमच्या तक्त्यात मुळीच नाही आणि ज्याच्यावाचून बाकी सगळे फोल आहे तो म्हणजे क्वार्टरबॅक. संघातला दुसरा कोणताही खेळाडू गैरहजर असला तर मी फार तर एखाद्या गुणाचा फरक करतो. अव्वल क्वार्टरबॅकच्या जागी राखीव खेळाडू आला तर पाच ते सात गुण हलवतो. टोकाचे उदाहरण २९ नोव्हेंबर २०२० चे. डेन्व्हर ब्रॉन्कोजचे सगळे क्वार्टरबॅक कोविडच्या नियमांमुळे बाद झाले आणि सराव पथकातील केंडल हिंटन या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) त्या जागी उभे राहावे लागले. त्याचा नऊपैकी एकच पास पूर्ण झाला आणि न्यू ऑर्लिन्सने ३१-३ असा विजय मिळवला.

अर्थात क्वार्टरबॅक गेला म्हणजे सामना गेलाच असेही नाही. ११ सप्टेंबर २०२३ रोजी ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडून पदार्पण करताना चौथ्याच खेळीत जायबंदी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. बफेलो बिल्सच्या बाजूने शक्यता त्या क्षणी झपाट्याने वाढली असणार. तरी बफेलोने चार वेळा चेंडू गमावला आणि जेट्स जादा वेळेत २२-१६ असे जिंकले. त्या रात्री मी बफेलोला मोठ्या आत्मविश्वासाने ७५ टक्क्यांच्या वर नेऊन ठेवले होते. बायकोने विचारले, ‘‘तुझे टक्के जिंकले की हरले?’’ मी म्हटले, चारातून एकदा असेच व्हायचे असते. तिला हे उत्तर अजूनही पळवाट वाटते.

म्हणून वेळापत्रक पाळा. रविवारच्या सामन्यांचे दुखापतींचे अहवाल बुधवार ते शुक्रवार येतात आणि कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी जाहीर होते. तुमच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीपर्यंत निवड बदलता येत असेल तर त्या ९० मिनिटांचा उपयोग करा. गुरुवारीच सगळ्या निवडी गोठत असतील तर ज्याचा क्वार्टरबॅक शंकास्पद यादीत आहे त्या सामन्याची शक्यता दोन्ही परिस्थितींची सरासरी काढून धरा.

हवामानाबद्दल थोडक्यात. बर्फ आणि पाऊस टीव्हीवर भयंकर दिसतात. पासिंगला खरा त्रास देतो तो जोराचा वारा. ६ डिसेंबर २०२१ रोजी बफेलोच्या वाऱ्यात न्यू इंग्लंडने पूर्ण सामन्यात फक्त तीन पास फेकले आणि तरी १४-१० असा विजय मिळवला. वाऱ्यामुळे एकूण गुण घटतात. पण कोण जिंकेल यावर त्याचा परिणाम लहान असतो, म्हणून मी जोराचा वारा असेल तेव्हा शक्यता फक्त थोडी ५० कडे सरकवतो.

आणि अठराव्या आठवड्यात तक्ता बंद करून बातम्या वाचा. ज्यांचे स्थान पक्के झाले आहे ते संघ मुख्य खेळाडूंना बसवून ठेवतात. २०२४ च्या हंगामात १५-१ अशी कामगिरी असलेल्या कॅन्सस सिटी चीफ्सनी शेवटच्या सामन्यात राखीव खेळाडू उतरवले आणि डेन्व्हरने त्यांना ३८-० असे हरवले. कोणतेही एलो मानांकन हे सांगू शकले नसते. वर्तमानपत्र मात्र आदल्या दिवशीच सांगत होते.

आता बाजाराकडे. सट्टा लावा असे मी म्हणत नाही. पण सट्टेबाजाराचा भाव हा हजारो लोकांच्या माहितीचा गोळाबेरीज अंदाज आहे आणि सामन्याच्या तोंडावरचा भाव हरवणे ही या क्षेत्रातली सर्वांत अवघड परीक्षा आहे. वरच्या उदाहरणातल्या पाहुण्या संघाचा भाव असा समजा की १०० डॉलर जिंकायला १८० लावावे लागतात, आणि यजमानांवर १०० लावले तर १५५ मिळतात. पहिल्यातून ६४.३ टक्के निघतात, दुसऱ्यातून ३९.२. बेरीज १०३.५ होते, कारण वरचे साडेतीन टक्के दुकानदाराची दलाली आहे. ६४.३ ला १०३.५ ने भागले की खरी शक्यता ६२ टक्के मिळते. भाव गुणांच्या फरकात दिला असेल तरी हरकत नाही. हाल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवले की बाजाराच्या अंदाजाभोवती प्रत्यक्ष फरकाचे प्रमाण विचलन सुमारे १४ गुणांचे असते. त्यावरून तीन गुणांनी वरचढ मानलेला संघ सुमारे ५९ टक्के, सात गुणांनी वरचढ सुमारे ६९ टक्के आणि दहा गुणांनी वरचढ ७६ टक्के वेळा जिंकायला हवा. दहा गुणांचा लाडका संघही चारातून जवळपास एकदा हरतो, हे एकदा मनाने स्वीकारले की रविवारची चिडचिड बरीच कमी होते.

माझे ५८, बाजाराचे ६२. अशा वेळी मी आधी विचारतो की बाजाराला ठाऊक असलेले मला काय ठाऊक नाही. बहुतेक वेळा उत्तर सापडते: यजमानांचा क्वार्टरबॅक दोन दिवस सरावाला आला नाही, किंवा त्यांचे दोन मुख्य लाइनमन (क्वार्टरबॅकला संरक्षण देणारे खेळाडू) बाद आहेत. काहीच सापडले नाही तर एक तृतीयांश वजन माझ्या आकड्याला आणि दोन तृतीयांश बाजाराला देऊन ६१ टक्क्यांवर थांबतो. पूर्वी मी हे प्रमाण उलटे ठेवत असे. तीन हंगामांच्या नोंदींनी ते सोडायला लावले.

नोंदींवरून माझी सर्वांत लाजिरवाणी चूक आठवली, आणि तुम्ही ‘मागच्या वर्षीच्या सामन्यांवर तपासले तर माझा तक्ता ७३ टक्के देतो’ असे लिहिले आहे म्हणून ती सांगतोच. पहिल्या वर्षी माझा तक्ता मागील हंगामावर ७४ टक्के अचूक निघाला आणि मला आकाश ठेंगणे झाले. नंतर ध्यानात आले की सप्टेंबरमधल्या सामन्यांचे ‘भाकीत’ मी संपूर्ण हंगामाच्या सरासऱ्या वापरून करत होतो, ज्यांत त्याच सामन्याचे आणि त्यानंतरच्या प्रत्येक सामन्याचे आकडे मिसळलेले होते. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून परीक्षा दिली होती. तुमचे ७३ टक्के तसेच आले असावेत असा मला दाट संशय आहे. तपासताना चौथ्या आठवड्याच्या सामन्याला फक्त पहिल्या तीन आठवड्यांपर्यंतचेच आकडे दिसतील अशी व्यवस्था करा. बहुधा ७३ चे ६३ होतील, आणि तेच प्रामाणिक असेल.

अचूकता मोजण्यासाठी बरोबर-चूक मोजू नका, ब्रायर गुण वापरा. ग्लेन ब्रायर हे हवामानशास्त्रज्ञ होते आणि पावसाच्या टक्केवारीतील अंदाजांची परीक्षा कशी घ्यावी यासाठी त्यांनी १९५० मध्ये ही रीत मांडली. ७० टक्के म्हटले आणि तो संघ जिंकला तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९, हरला तर ०.७ चा वर्ग ०.४९. सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. जितकी लहान तितकी चांगली. प्रत्येक सामन्याला ५० टक्के म्हणणाऱ्या आळशी माणसाला ०.२५ मिळतात, म्हणून त्याच्या खाली राहणे ही पहिली पायरी. याच हिशेबात ९० टक्के म्हणून तोंडावर पडल्याचा दंड ०.८१ आहे.

उरले ते तुमच्या स्पर्धेवर अवलंबून आहे, आणि ती नेमकी कशी आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. प्रत्येक बरोबर निवडीला एकच गुण असेल तर ज्याची शक्यता ५० च्या वर तो निवडा, विषय संपला. निवडींना १६ ते १ असे आत्मविश्वासाचे गुण द्यायचे असतील तर शक्यतेच्या उतरत्या क्रमाने द्या, आणि इथे तुमचा नवा रकाना थेट कामी येतो. एक हरला की बाद अशी स्पर्धा असेल, जिथे एक संघ एकदाच वापरता येतो, तर दर आठवड्याला ७५ टक्क्यांचा संघ मिळाला तरी दहा आठवडे टिकण्याची शक्यता ६ टक्क्यांच्याही खाली असते; तिथे सगळे सहकारी ज्याच्या मागे आहेत तो संघ टाळून जवळपास तितकाच बलवान दुसरा घेण्यात शहाणपण असते. गुणांच्या फरकासह निवडायचे असेल, म्हणजे लाडका संघ बाजाराने दिलेल्या फरकापेक्षा जास्त गुणांनी जिंकेल का हे ओळखायचे असेल, तर विजयांचा मोठा वाटा नेमक्या तीन आणि सात गुणांच्या फरकाने मिळतो हे ध्यानात ठेवा, कारण फील्ड गोल तिनाचा आणि टचडाउन जादा गुणासह साताचा. अडीच आणि साडेतीन यांत म्हणूनच फार मोठे अंतर आहे.

पैसे लावण्याबद्दल तुम्ही जाता जाता विचारले आहे. फरकासह लावलेल्या पैजेत साधारणपणे १०० जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणजे केवळ बरोबरीत राहायला ५२.४ टक्के पैजा जिंकायला हव्यात. बारा हंगामांनंतर मला स्वतःबद्दल तेवढी खात्री नाही, म्हणून मी लावत नाही. हे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात बंदी आहे.

या आठवड्यापुरते सांगायचे तर लढतींचा रकाना पुसा, गेल्या हंगामाचे आकडे एक तृतीयांश खेचून तक्त्यात आणा, प्रत्येक संघापुढे क्वार्टरबॅकचे नाव लिहा आणि शेवटी बाजाराच्या आकड्याशी ताडून पाहा. ईपीए पुढच्या महिन्यात आणले तरी चालेल. आणि बरोबरी सुटावी म्हणून सोमवारच्या सामन्यातील दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ओळखायला सांगतात, तिथे तुम्ही दर वेळी ६० च्या वर लिहिता असे तुमच्या तक्त्यात दिसले. एनएफएलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी ४५ च्या आसपास गुण होतात. बाजाराने त्या सामन्यासाठी जो आकडा दिला असेल तोच लिहा, वारा जोराचा असेल तर त्यातून तीन-चार वजा करा.